पळस, सावर, मोह, बहावा : यवतमाळ जिल्ह्यात फुलांचे फोटो कधी आणि कुठे काढाल?

यवतमाळ : शिमगा जवळ आला की धुऱ्याधुऱ्यावर पळस पेटतो आणि मोबाईलवर त्याचे स्टेटस झळकू लागतात. फोटोसाठी हौशी मंडळी लांबच्या जंगलवाटेने निघतात. खरं म्हणजे चांगला पळस बहुतेक वेळा गावच्या पांदणीवरच भेटतो. जंगलात झाडं दाटीनं असतात. धुऱ्यावरचं झाड मोकळं असतं, मागे स्वच्छ आभाळ मिळतं. मात्र वावर कोणाचं तरी असतं. गहू-हरभरा उभा असेल तर मालकाला विचारल्याशिवाय आत जाऊ नये.

हंगामाची सुरुवात काटसावरीपासून होते. फेब्रुवारीत पानं झडलेल्या, काटेरी खोडाच्या या झाडावर जाड पाकळ्यांची लाल फुलं येतात. फुलात रस असतो म्हणून सकाळी मैना, बुलबुल यांची गर्दी असते, वानरंही येतात. झाडाखाली अर्धा तास गुपचूप बसलं तर पक्ष्यासकट फोटो मिळतो. झाडावर आग्या मोहोळ आहे का, हे आधी बघावं. धूर आणि अत्तर दोन्ही टाळावं. खडकाळ टेकडीवर याच सुमारास मोठी पिवळी फुलं दिसली, तर ती सोनसावर.

पळस फेब्रुवारीअखेर ते मार्च. झाडावर तेव्हा पान जवळपास नसतंच, म्हणून फांदी अन् फूल एवढंच फोटोत येतं. रंगासाठी खाली पडलेली फुलं वेचावीत. ती पाण्यात उकळली की केशरी रंग उतरतो. त्यासाठी फांदी तोडायची गरज नाही. पिवळा किंवा पांढरा पळस मात्र क्वचित सापडतो. त्याच्याशी गुप्तधनाच्या खुळचट समजुती जोडल्या गेल्या आहेत. त्यापायी अशा झाडाची साल अन् मुळं खरवडली जातात. असं झाड दिसलं तर फोटो जरूर टाकावा, पण गावाचं नाव आणि लोकेशन टाकू नये.

मोहाचं प्रकरण वेगळं आहे. यवतमाळ-पांढरकवडा रस्त्यावरच्या जोडमोहाचं नावच या झाडाशी जोडलेलं आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची पांढुरकी, रसाळ फुलं रात्रीपासून पहाटेपर्यंत गळतात. फोटो हवा असेल तर उजाडताच पोचावं लागतं, कारण वेचणाऱ्या बाया त्याआधीच टोपली घेऊन आलेल्या असतात. ही त्यांची कमाई आहे. फुलं तुडवू नयेत, न विचारता त्यांचा फोटो काढू नये.

इथंच धोकाही आहे. वाकून वेचणारा माणूस वाघाला जनावरासारखा दिसू शकतो. चंद्रपूर-गडचिरोलीतून मोहाच्या हंगामात अशा हल्ल्यांच्या बातम्या येतात. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यानं टी-१, म्हणजे अवनी वाघिणीची दहशत भोगली आहे. २ नोव्हेंबर २०१८ ला ती मारली गेली. वाघ अभयारण्याची हद्द पाळत नाही. टिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला तो चालत चालत बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. म्हणून जंगलालगत एकट्यानं, पहाटे अंधारात जाऊ नये. फुलाचा फोटो जमिनीलगत बसून काढायचा असेल तर सोबतच्या माणसानं उभं राहून आजूबाजूला नजर ठेवावी.

दुसरं संकट वणव्याचं. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि आग पुढे पसरते. पाचोळा झाडून घेतला तरी काम भागतं. राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. धूर दिसला तर वन विभागाच्या १९२६ या नंबरवर कळवावं.

टिपेश्वर अभयारण्यात पायी फिरता येत नाही. सुन्ना किंवा माथनी गेटवरून गाडीनंच आत जावं लागतं. मोबाईल आत नेता येतो का, हे बुकिंग करतानाच विचारावं. उमरखेड तालुक्यातल्या पैनगंगा अभयारण्यातही वनरक्षकांना विचारल्याशिवाय पायवाट धरू नये. पायी फिरायचंच असेल तर गावाजवळच्या टेकड्या आणि पांदण रस्ते बरे.

मोबाईलवर लाल-केशरी फूल उन्हात भडक होऊन पाकळीच्या रेघा पुसल्या जातात. स्क्रीनवर फुलावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करावा. सूर्य पाठीशी घ्यावा, झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जावं. सकाळी नऊनंतर ऊन चढतं, त्यामुळे पाण्याची बाटली आणि दुपट्टा सोबत ठेवावा.

मार्च हुकला तरी हरकत नाही. एप्रिलअखेर ते मे महिन्यात बहावा फुलतो. त्याचे पिवळे घोस खाली लोंबतात, तेव्हा झाडाखाली उभं राहून वरच्या दिशेनं फोटो काढावा. त्यासाठी जंगलात जायचीही गरज नाही. गावात किंवा रस्त्याकडेला लावलेलं एखादं झाड पुरतं.