महाराष्ट्रातील रेड वाईननिर्मिती आणि भूप्रदेशाची उंची : परभणी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
द्राक्षवेल ही मूलतः समशीतोष्ण प्रदेशातील वनस्पती असली, तरी दख्खनच्या पठाराशी तिचे नाते जुने आहे. दौलताबादेत द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा पिकतात, अशी नोंद चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने केली आहे. मराठवाड्याच्या भूमीविषयीची ही नोंद केवळ कुतूहलाची नाही. सहा शतकांनंतर महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या वाईन उद्योगाचे बळ आणि त्याची मर्यादा या दोहोंचे मूळ तिच्यात आढळते. दर्जेदार रेड वाईनसाठी जगात अनेक ठिकाणी उंचावरील डोंगराळ मळे निवडले जातात. महाराष्ट्रात अशी उंची मर्यादित असताना हा उद्योग कसा रुजला आणि परभणी जिल्ह्याने त्यातून कोणता बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उंचीचे महत्त्व :
समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीला तापमान साधारणतः ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. रात्री थंड असल्यास द्राक्षातील आम्ल टिकून राहते व सालीतील रंगद्रव्ये चांगली तयार होतात. रेड वाईन सालीसह आंबवली जात असल्याने तिचा रंग, तुरटपणा व टिकाऊपणा सालीवरच अवलंबून असतो. अर्जेंटिनाच्या साल्टा प्रांतात ३,००० मीटरहून अधिक उंचीवर द्राक्षमळे आहेत, ते याच कारणाने. त्या तुलनेत नाशिकची उंची सुमारे ६०० मीटर, तर परभणी शहराची सुमारे ४०० मीटर आहे.

उंचीला ऋतूचा पर्याय :
उष्ण कटिबंधात वेलीला हिवाळी विश्रांती मिळत नाही, म्हणून ती वर्षात दोनदा फळू शकते. महाराष्ट्रातील बागायतदारांनी या गुणाला शिस्त लावली. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी करून एकच पीक घ्यायचे, ही पद्धत रूढ झाली. त्यामुळे मणी हिवाळ्यात वाढतात व वाईनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. डोंगराने जी थंडी दिली असती, ती येथे ऋतूकडून मिळवण्यात आली. मात्र युरोपात द्राक्ष पिकताना हवा थंड होत जाते, तर येथे ती तापत जाते. उशिरा पक्व होणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्यॉसारख्या काळ्या वाणांना ही अडचण अधिक जाणवते.

उद्योगाच्या इतिहासातही याचे प्रतिबिंब दिसते. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रसाहाय्याने उद्योग उभारला. त्याची ख्याती झाली ती फेसाळ वाईनमुळे, जिच्यासाठी द्राक्षे लवकर तोडली जातात. नाशिकच्या सुला कंपनीने २००० मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या वाईन सोव्हिन्यॉ ब्लाँ व शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाणांच्या होत्या. याउलट कर्नाटकात सुमारे ९०० मीटर उंचीवर, नंदी हिल्सच्या पायथ्याशी ग्रोव्हर कुटुंबाने उभारलेला मळा प्रामुख्याने रेड वाईनसाठी नावाजला गेला.

धोरण आणि शेतकरी :
२००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून उत्पादन शुल्कात सवलत दिली. विंचूर व पलूस येथे वाईन पार्क स्थापन झाले आणि वाईनच्या द्राक्षांची लागवड झपाट्याने वाढली. परंतु २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी घटली. खाण्याचे द्राक्ष न विकल्यास त्याचा बेदाणा करता येतो; वाईनचे बारीक, बियांचे द्राक्ष मात्र वाईनरीखेरीज कोणी घेत नाही. अनेक शेतकऱ्यांना उभ्या बागा तोडाव्या लागल्या. सवलतीमुळे उद्योग वाढला, पण भाव पडल्यावर तोट्याचा मोठा वाटा शेतकऱ्याच्या अंगावर आला.

परभणीचा संदर्भ :
परभणीची कृषिपरंपरा कापूस व ज्वारीची आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या येथील कृषी विद्यापीठाने ज्वारीची ‘परभणी मोती’सारखी वाणे दिली. हिवाळ्यात येथील पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली जातो. म्हणजे थंडीची उणीव नाही. अडचण दोन गोष्टींची आहे. फेब्रुवारीनंतर उष्मा वेगाने चढतो, आणि गोदावरी-पूर्णा-दुधनेच्या खोऱ्यातील खोल काळी जमीन पाणी धरून ठेवते. द्राक्षवेलीला मात्र निचऱ्याची जमीन लागते. उत्तरेस जिंतूर तालुक्यात अजिंठा डोंगररांगेच्या शाखा शिरतात. तेथील हलक्या, मुरमाड उतारांची स्थिती वेगळी असल्याने जिल्ह्याचा विचार सरसकट करता येत नाही.

निष्कर्ष :
महाराष्ट्रात रेड वाईन उंचीवर नव्हे, तर छाटणीच्या वेळापत्रकावर उभी राहिली. उंची मात्र पूर्णपणे गैरलागू ठरली नाही. मार्चच्या उष्म्यापूर्वी मिळणारा अवधी तीच ठरवते. त्यामुळे नाशिकचे अनुकरण परभणीच्या सखल काळ्या जमिनीत करणे इतिहासाला धरून होणार नाही. जिंतूरच्या डोंगरउतारांवर लवकर पक्व होणाऱ्या वाणांचे प्रयोग किमान काही हंगाम घेतले जावेत, आणि खरेदीचा लेखी करार झाल्यानंतरच शेतकऱ्याने लागवड करावी. २००८ नंतरच्या तोडलेल्या बागांचा हा अनुभव अनुदानाच्या कोणत्याही नव्या योजनेआधी विचारात घेतला जाणे आवश्यक आहे.