रजिस्ट्री साफ करण्याचं खूळ

परभणीच्या स्टेशन रोडवर मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा विंडोज ९८ चा जमाना होता. हिंगोली नुकताच, म्हणजे १ मे १९९९ ला, वेगळा जिल्हा झाला होता. माझं गिऱ्हाईक म्हणजे लग्नपत्रिका छापणारे डीटीपीवाले आणि कृषी विद्यापीठात प्रबंध टाईप करणारी मुलं. २००१ साली एमकेसीएल ही संगणक शिक्षणाची संस्था स्थापन झाली, पुढे तिची एमएस-सीआयटी ही संगणक परीक्षा आली, सरकारी नोकरीसाठी तिचं सर्टिफिकेट लागू लागलं आणि जिंतूर, सेलू, गंगाखेडपर्यंत केंद्रं निघाली. मशिनं वाढली आणि तक्रारही वाढली : ‘भाऊ, लई हँग होतंय. रजिस्ट्री क्लीन करून द्या.’

रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्रामांच्या सेटिंगचा साठा. तिचा जन्म फार जुना नाही. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये तिचं छोटं रूप होतं. प्रोग्रामांच्या सेटिंग बहुतेक विखुरलेल्या आयएनआय फाइलींत असायच्या. विंडोज ९५ ने त्या एका ठिकाणी आणल्या. कुठला प्रिंटर, कुठला फाँट, कुठली फाइल कशात उघडायची, हे सगळं सिस्टम.डॅट आणि युजर.डॅट या दोन फाइलींत बसलं. प्रोग्राम काढून टाकला तरी त्याच्या काही नोंदी मागे राहत. त्या वेचून काढायला खुद्द मायक्रोसॉफ्टनंही ‘रेगक्लीन’ नावाचं साधन दिलं होतं. पुढे ते मागे घेतलं. या गोष्टीचा अर्थ आम्ही दुकानदारांनी तेव्हाच ओळखायला हवा होता.

विंडोज ९८ मध्ये त्याहून शहाणी सोय होती. स्कॅनरेग रोज मशिन सुरू होताना रजिस्ट्री तपासायचं आणि शेवटच्या पाच प्रती जपून ठेवायचं. बिघडलेलं मशिन डॉसमध्ये नेऊन कालची प्रत परत बसवली की पुष्कळदा काम भागायचं. त्या साधनाचा भर नोंदी उडवण्यापेक्षा त्या सांभाळण्यावर होता.

मग एक्सपी आलं आणि मराठवाड्यात लोडशेडिंगनं कहर केला. तासन्‌तास वीज नाही, आली तरी कधी जाईल याचा नेम नाही. रजिस्ट्रीची फाइल लिहिली जात असताना लाइट गेली की ती अर्धवट राहायची. पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दिसायची : सिस्टम३२ मधली कॉन्फिगची फाइल नाही किंवा खराब आहे. विंडोजची सीडी घालायची, रिकव्हरी कन्सोल उघडायचा, ‘रिपेअर’ फोल्डरमधली जुनी प्रत आणून बसवायची, हे काम मी असंख्य मशिनांवर केलं. रजिस्ट्रीला खरा धोका होता तो असा विजेच्या खेळाचा. यूपीएसची नवी बॅटरी त्यावर कुठल्याही क्लीनरपेक्षा जास्त कामाची होती.

पण त्याच वर्षांत सीडीवरून, पेन ड्राइव्हवरून क्लीनर घरोघर पोचले. स्कॅन केलं की ‘शेकडो एरर सापडल्या’ अशी लाल पाटी यायची, माणूस घाबरायचा. त्या भीतीचा जगभर धंदा झाला. ‘ड्राइव्हक्लीनर’, ‘एररसेफ’ अशा नावांनी खोटे दोष दाखवून पैसे उकळणाऱ्यांविरुद्ध अमेरिकेचा फेडरल ट्रेड कमिशन २००८ मध्ये कोर्टात गेला. दहा लाखांहून जास्त लोक फसल्याचं त्यानं सांगितलं.

‘शेकडो एरर’ ही मोठी संख्या फसवी का, ते सांगतो. रजिस्ट्री झाडासारखी फांद्याफांद्यांची असते. प्रोग्राम त्यात आपल्या नोंदीच्या वाटेनं थेट जातो, सगळी रजिस्ट्री चाळत बसत नाही. त्यामुळे शेकडो निकामी नोंदी पडून असल्या तरी वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. दुकानात आलेलं मशिन हळू असायचं ते अपुऱ्या रॅममुळे, व्हायरसमुळे, चालू होतानाच डझनभर प्रोग्राम उठत असल्यामुळे, हार्ड डिस्क जात आल्यामुळे, नाहीतर कपाशीच्या धुळीनं पंखा जाम झाल्यामुळे.

नुकसान मात्र खरं असतं. आज निकामी दिसणारी नोंद उद्या लागू शकते. ऐन लग्नसराईत मराठी टंकलेखनाचा कीबोर्ड चालेनासा होतो, पीक विम्याच्या मुदतीत सेवा केंद्रातलं अंगठ्याचं यंत्र ओळखलं जात नाही, आणि बाहेर शेतकऱ्यांची रांग उभी असते. सातबाऱ्यावरची नोंद उडवायला फेरफार घ्यावा लागतो, नोटीस काढावी लागते. क्लीनर मात्र कुणालाही न विचारता अंदाजानं नोंद उडवतो.

नामांकित साधन घेतलं म्हणून माणूस सुटत नाही. २०१७ मध्ये सीक्लीनरच्या अधिकृत ५.३३ आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला. सुमारे २२ लाख ७० हजार मशिनांवर ती बसली होती. दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, रजिस्ट्रीची जी प्रत विंडोज आपोआप वेगळी ठेवत असे, ती ठेवणं बंद झालं. म्हणजे चूक झाली तर परतीची वाट आता पूर्वीपेक्षा अरुंद आहे. रजिस्ट्री क्लीनरला आपला पाठिंबा नाही, असं मायक्रोसॉफ्टही स्पष्ट सांगतं.

म्हणून कुणी विचारलं, की हे सॉफ्टवेअर वापरणं सुरक्षित आहे का, तर माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. फायदा जवळजवळ शून्य आणि जोखीम पूर्ण तुमची. नको असलेले प्रोग्राम कंट्रोल पॅनलमधून रीतसर काढा, स्टार्टअपची यादी कमी करा, जमलं तर हार्ड डिस्क बदलून एसएसडी टाका. एखादी नोंद बदलावीच लागली तर आधी रिस्टोअर पॉइंट करा, ती शाखा एक्स्पोर्ट करा आणि तेवढीच नोंद हातानं बदला. परभणीत सेवा केंद्र चालवणाऱ्या पोरांना मी हेच शिकवतो, कारण त्यांचं मशिन एक दिवस बंद पडलं तर आसपासच्या गावांचे दाखले अडतात.