पूर्व न सोडणाऱ्या कृत्तिका

‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात रघूच्या दिग्विजयाआधी शरद ऋतू येतो, आणि तेथे कालिदास सांगतो की कुंभयोनीचा उदय होताच पाणी निवळले, शत्रूंची मने मात्र ढवळून निघाली. हा श्लोक शिकवताना द्यावयाची टीप ठरलेली असते: कुंभयोनी म्हणजे अगस्त्य, येथे त्या नावाचा तारा. मग विरोधातील सौंदर्य उलगडले जाते आणि पुढचा श्लोक सुरू होतो. तो तारा कोठे दिसतो, केव्हा दिसतो आणि कोठून दिसतच नाही, हे प्रश्न साहित्याचे नव्हेत असे आपण जणू ठरवून टाकले आहे. आम्हांला ते साहित्याचेच वाटतात. आणि एके काळी मराठीत ते तसे मानणारा एक शाळामास्तर होऊन गेला, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम अगस्त्याविषयी. व्याधाच्या खालोखाल आकाशातील हा सर्वांत तेजस्वी तारा, परंतु दक्षिणेकडे इतका दूर की लंडनहून तो कधीच दिसत नाही. दिल्लीहून तो क्षितिजापासून जेमतेम नऊ अंश वर येतो, उज्जैनहून चौदा, पुण्याहून सुमारे एकोणीस. (हात लांब धरून मूठ वळली तर ती साधारण दहा अंश झाकते; म्हणजे पुण्यात दोन मुठी, दिल्लीत एकही पुरी नाही.) विंध्य ओलांडून दक्षिणेस गेलेल्या ऋषीचे नाव याच ताऱ्याला का शोभते, हे त्या दोन मुठींवरून समजते. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त अगस्त्याला स्वतंत्र अध्याय दिला आहे. त्यात तो बजावतो की याच्या दर्शनाचा काळ प्रत्येक देशासाठी निराळा गणून सांगावा. आणि उज्जयिनीपुरता तो स्वतः देतो: सूर्य कन्या राशीत शिरण्यास सात अंश उरले असता. काव्यातील ‘उदय’ हा शब्द असा एका गावाला आणि एका पहाटेला बांधलेला आहे. आपण त्याची गाठ सोडवून त्याला नुसता संकेत करून ठेवला.

ही गाठ शाबूत ठेवून वाचणारा मास्तर म्हणजे शंकर बाळकृष्ण दीक्षित. जन्म १८५३, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरुड गावी; मृत्यू १८९८. सारी हयात शाळांतून आणि शिक्षक तयार करणाऱ्या संस्थांतून शिकवण्यात गेली. १८९६ साली ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा त्यांचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर लिहिलेला भारतीय पंचांगावरील इंग्रजी ग्रंथही. पण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आधी हाती घ्यावे ते त्यांचे ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’. या नावातच ग्रंथकाराची वृत्ती आहे. घटका चोवीस मिनिटांची. दोन घटका म्हणजे जेवणानंतर अंगणात घालवावा एवढाच वेळ. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. मराठी गद्याच्या इतिहासात निबंधमालेला जागा आहे, नाटकाला आहे, कादंबरीला आहे. या पुस्तकाला मिळालीच तर ‘शास्त्रीय वाङ्मय’ या अडगळीच्या प्रकरणात एखादी ओळ मिळते. ही वाटणी आम्हांला कधीच पटलेली नाही.

दीक्षितांच्या डोळसपणाचा मोठा पुरावा मात्र त्यांच्या एका वादग्रस्त लेखात आहे. शतपथ ब्राह्मणाच्या दुसऱ्या कांडात अग्न्याधान कोणत्या नक्षत्रावर करावे याची चर्चा येते. तेथे कृत्तिकांची शिफारस करताना सांगितले आहे की या पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात. लगेच पुढे एक करुण कथा आहे. कृत्तिका या पूर्वी ऋक्षांच्या पत्नी; ऋक्ष हे सप्तर्षींचे जुने नाव. पण त्यांना पतींचा सहवास नाही, कारण ते उत्तरेला उगवतात आणि या पूर्वेला. भाष्यकारांच्या दृष्टीने हा अर्थवाद, म्हणजे विधीची भलामण. दीक्षितांनी विचारले: वाक्यातले क्रियापद वर्तमानकाळी आहे, मग लिहिणाऱ्याने हे पाहिलेच नसेल कशावरून?

आज कृत्तिका पूर्वेला उगवत नाहीत. पुण्याहून पाहिले तर त्या ठीक पूर्वेच्या उत्तरेस पंचवीस अंशांवर, म्हणजे अडीच मुठी डावीकडे, वर येतात. याचे कारण अयनचलन: पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो, एका फेऱ्याला सुमारे सव्वीस हजार वर्षे लागतात, आणि ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा हळूहळू सरकतात. कृत्तिका ठीक पूर्वेला उगवत त्या काळापर्यंत मागे गेले की आपण इसवी सनापूर्वी सुमारे ३००० या वर्षाशी पोहोचतो. दीक्षितांनी हे गणित १८९५ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त मांडले. दोन वर्षे आधी टिळकांचे ‘ओरायन’ आले होते; हर्मान याकोबी यांनीही स्वतंत्रपणे तशाच दिशेचे अनुमान त्याच १८९३ साली प्रसिद्ध केले होते. वाद पेटणे साहजिक होते. विंटरनित्झ यांनी पुढे सुचवले की ‘ढळत नाहीत’ याचा अर्थ ठीक पूर्वबिंदूवर उगवतात असा नसून, रात्रीचे कित्येक तास पूर्वेकडच्या भागात दिसत राहतात असा घ्यावा. तसे केले की काळ बराच अलीकडे येतो.

आमचा कौल विचाराल तर शतपथाचा काळ म्हणून ३००० हा आकडा आम्ही स्वीकारत नाही. त्या ग्रंथाची भाषा त्याला इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात आणून बसवते, आणि भाषेची साक्ष एका वाक्याने खोडता येत नाही. शिवाय नुसत्या डोळ्यांनी ‘ठीक पूर्व’ ठरवताना तीन-चार अंश सहज इकडेतिकडे होतात, आणि कृत्तिकांना एक अंश सरकायला सुमारे दोनशे वर्षे लागतात. तेव्हा दोन्ही बाजूंना सहा-आठशे वर्षांची मोकळीक आपोआप येते. जुने निरीक्षण परंपरेने चालत येऊन पुढच्या पिढीच्या गद्यात वर्तमानकाळातच राहणे हेही अशक्य नाही. पण दीक्षितांचा प्रश्न त्यांच्या उत्तराहून टिकाऊ ठरला. त्या वाक्यामागे कोणीतरी क्षितिजाकडे पाहत उभे होते, हे त्यांनी दाखवून दिले. ते कधी उभे होते हा तपशील मागाहूनचा.

आणि असे वाक्य सुचण्यास जागाही अनुकूल हवी. विषुववृत्तावर तारे क्षितिजातून सरळ उभे वर चढतात. उत्तरेला जावे तशी त्यांची वाट तिरपी होत जाते. पुण्यात पूर्वेला उगवलेला तारा पाच अंश वर येईपर्यंत उजवीकडे दोन अंशही सरकत नाही. लंडनमध्ये तेवढ्याच चढाईत तो सहा अंश सरकलेला असतो. कुरुपांचालांचा प्रदेश कर्कवृत्ताच्या थोडा उत्तरेस आहे, पण तेथेही हे सरकणे तीन अंशांच्या आत राहते. क्षितिजावरच्या धुळीतून तारा दिसू लागेपर्यंत तो आपली दिशा बऱ्यापैकी राखून असतो. अमुक तारे पूर्व सोडत नाहीत असे म्हणणे येथे डोळ्यांना पटते.

हीच दृष्टी ऐतरेय ब्राह्मणातील प्रजापतीच्या कथेला लावून पाहावी. प्रजापती आपल्याच कन्येच्या मागे लागला. ती रोहिणी झाली, तो मृग झाला. देवांच्या क्रोधातून उत्पन्न झालेल्याने त्याला बाण मारला. तो मृगव्याध, आणि तीन कांडांचा तो बाण आकाशात अजून आहे. मृगाच्या पोटातले तीन तारे आपल्याकडे लहान मुलेही दाखवतात. डिसेंबरच्या पूर्वार्धात पुण्याच्या परिसरातून पाहिले तर दिवस मावळण्याच्या सुमारास रोहिणी उगवते. सातच्या आसपास बाणाचे तीन तारे क्षितिजावर येतात, एकावर एक उभे रचल्यासारखे. मृग तेव्हा कुशीवर आडवा असतो. आणखी सुमारे दीड तासाने व्याध. आधी पळणारी, मग पाठलाग करणारा, मग त्याला मारणारा: कथेतील पात्रे कथेच्याच क्रमाने रंगभूमीवर येतात, आणि तिन्ही ठिकाणे जोडणारी रेघ बाणातूनच जाते. ही कथा आधी रचून मग आकाशात चिकटवली, असे ज्याने हे तीन तास पूर्वेकडे पाहिले त्याला म्हणवणार नाही. टिळकांनी ‘ओरायन’मध्ये या कथेवर मोठा भर दिला तो मृगातील वसंतसंपात सिद्ध करण्यासाठी. त्यांच्या कालनिर्णयाविषयीही आमची शंका आहेच; परंतु ब्राह्मणग्रंथ हातात घेऊन बाहेर येण्याची त्यांची रीत आम्हांला दीक्षितांच्याच घराण्यातली वाटते.

मराठी वाचकाची एक गफलत येथे नोंदवायला हवी. ग्रामीण कथा-कवितांत मृग बरसतो, आर्द्रा कोसळतात, आणि नवखा वाचक समजतो की ढगांमागे त्या रात्री ते नक्षत्र असणार. वस्तुस्थिती उलटी आहे. ७ किंवा ८ जूनला मृग लागतो तो सूर्य त्या नक्षत्रात जातो म्हणून. म्हणजे वर्षातून जे थोडे दिवस मृग रात्री दिसूच शकत नाही, नेमक्या त्या दिवसांना त्याचे नाव आहे. शेतकऱ्याचा मृग हा न दिसणारा मृग. ब्राह्मणकथेतला मृग थंडीत दिसणारा. दोघांना एकाच टिपेत बसवले की दोन्ही वाक्ये नासतात.

ग्रंथांबाहेरची नावे हा आणखी मोठा विषय, आणि दीक्षितांच्या काळी तो कोणी फारसा हाती घेतला नव्हता. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातील गोंडांच्या आकाशाविषयीची माहिती गोळा करून २०१३ साली प्रसिद्ध केली. तेथे सप्तर्षी ऋषीही नाहीत आणि अस्वलेही नाहीत. चौकोनाचे चार तारे ही म्हातारीची खाट आहे, आणि शेपटीचे तीन तारे ती पळवायला आलेले चोर. होमरच्या काव्यात हे अस्वल सागरात कधीच स्नान करीत नाही, कारण ग्रीसच्या उत्तर आकाशात ते मावळत नसे. आपल्याकडून ते रोज मावळते, खाट आणि चोर दोन्ही क्षितिजाखाली जातात, आणि काही तासांनी ईशान्येला पुन्हा तीच चोरी सुरू होते.