परसातली भाजी आणि गिरणीचा पगार

मिरजोळ्यात आज औद्योगिक वसाहत आहे. तेथल्या कामगारांविषयी बोलू पाहणारा माणूस अळूपासून सुरुवात करतो, याचे आपणांस नवल वाटेल. पण रत्नागिरीच्या कामगाराचा इतिहास गिरणीच्या भोंग्यापाशी सुरू होत नाही, तो घरामागच्या न्हाणीपाशी सुरू होतो, असे आमचे मत आहे.

जांभ्याची जमीन पाणी धरीत नाही. पाऊस उदंड, पण तो सरला की विहिरीतून ओढलेली प्रत्येक कळशी मोलाची. म्हणून न्हाणीचे सांडपाणी अळूला आणि केळीला, चुलीतली राख वांगी-मिरचीला, आणि चार काठ्यांचा मांडव पडवळ-शिराळ्याला. खोकल्याला कुंपणाचा अडुळसा, सर्दीला तुळस आणि गवती चहा. या बागेतले परके कोण, हेही पाहण्याजोगे आहे. मिरची, लाल भोपळा, मका ही मूळची अमेरिकेची. १४९८ साली पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यास लागले, त्यानंतर ती इकडे आली. तरी ऋषिपंचमीच्या भाजीत भोपळा आणि मका बिनतक्रार शिजतात! त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे खायचे नाही, हाताने खणून पिकवलेले तेवढे चालते. बैलाच्या श्रमाचा हिशेब रिवाजाने ठेवला. ते खणणारे हात बहुधा बायकांचे असत, त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही.

पुरुष होते मुंबईस. गिरण्यांना माणसे पुरवण्यात रत्नागिरी जिल्हा अग्रभागी. मनीऑर्डर येई ती सारा, मीठ, कपडा आणि वाण्याची उधारी यांत जाई. भाजी मात्र घरची. म्हणजे एकट्या माणसाच्या पोटापुरती मजुरी देऊन मालकाचे भागत होते, कारण उरलेले कुटुंब शेत आणि परस पोसत होते. सरकारने नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात कामगाराचा गावाशी संबंध टिकवावा असाच कौल दिला. त्यात शहाणपण होते; मालकांची सोयही होतीच.

पण त्याच परसाने मालकांना दगाही दिला. १९२८ चा गिरणीसंप सुमारे सहा महिने चालला आणि संपकरी मोठ्या संख्येने गावी येऊन राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तेव्हाही पुष्कळांनी कोकणची वाट धरली. चाळीत उधारी थकली की वाणी दार लावून घेई. अळूला उधारी ठाऊक नव्हती. तो संप अखेर फसला, आणि गावी आलेल्यांपैकी कित्येक परत गेलेच नाहीत.

आजही पगारवाढीच्या वाटाघाटींत 'तुमचे घर गावातले, भाजीपाला परसातला, तुम्हांला इतके कशाला?' असे आम्हांस ऐकवले जाते. त्याला उत्तर जुनेच आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे माप ठरवले, ते एका मिळवत्यामागे तीन माणसांच्या आहाराचे. आणि बायकामुलांची मिळकत त्यात धरू नये, असे स्पष्ट म्हटले. परसातली भाजी ही बाईची मिळकत आहे. ती पगारातून वजा करण्याचा अधिकार मालकास कोणी दिला?