गोरसपाक : अस्वादव्रताच्या गावची मिठाई

वर्ध्याहून येणाऱ्याच्या पिशवीत गोरसपाकाचा पुडा असणार, हे विदर्भात गृहीतच धरलेलं असतं. गाईच्या तुपातला, बिस्किटासारखा कोरडा, खुसखुशीत पदार्थ. गंमत अशी, की ज्या आश्रमी परिसरात तो रुजला तिथे जिभेचे चोचले न पुरवणं हे व्रत होतं. गांधीजींच्या एकादश व्रतांत अस्वाद आहे. ते स्वतः गाई-म्हशीचं दूध घेत नसत, शेळीचं घेत.

मग ही मिठाई आली कुठून? तर गाईच्या अर्थकारणातून. आर्वीच्या बाजूची गवळाऊ ही इथली गाय. पांढरीशुभ्र, काटक, तिचे बैल चपळ म्हणून नावाजलेले. पण दूध बेताचं. शिवाय म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, त्यामुळे बाजाराचा ओढा म्हशीकडे. ज्या गाईच्या दुधाला गिऱ्हाईक नाही, ती नुसत्या पूजेनं वाचत नाही, हे गांधीजींनी ओळखलं होतं. 1941 साली गोसेवा संघ निघाला. जमनालाल बजाजांनी तुरुंगातून सुटल्यावर ते काम अंगावर घेतलं आणि फेब्रुवारी 1942मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यातच स्वतःला गुंतवलं. गाईचंच दूध-तूप वापरायचं, असा सभासदांचा नेम होता.

नेम पाळणारे मात्र थोडेच असतात. दूध काही तासांत नासतं, तूप टिकतं, आणि त्या तुपाची मिठाई झाली की नेम नसलेलं गिऱ्हाईकही हौसेनं विकत घेतं. गोसेवेच्या या वातावरणातून पुढे आलेल्या गोरस भांडारानं नेमकं हेच साधलं.

जमनालालजींनी वसवलेल्या गोपुरीतच आज जपानी भिक्षू फुजी गुरुजींच्या प्रेरणेनं उभा राहिलेला शांतिस्तूप आहे. फुजी गुरुजी 1933 साली वर्ध्याला गांधीजींना भेटले होते. त्यांच्या देशातही गावोगावची मिठाई भेट म्हणून नेण्याची जुनी रीत आहे. इसे या तीर्थक्षेत्री 1707पासून चालत आलेली 'अकाफुकु' म्हणजे तांदळाच्या मऊ गोळ्यावर अझुकी या लाल कडधान्याचं, आपल्या पुरणासारखं, सारण. 'मांजू'ची परंपरा तर अशी सांगतात, की चीनमधून मांस भरलेली वडी आली आणि मांस वर्ज्य असलेल्या मठांत तिच्यात हेच गोड सारण आलं. म्हणजे तिथेही संयमानं पदार्थ मारला नाही, घडवला.

फरक इतकाच, की अझुकी शेतात दरवर्षी पेरता येते. गाईचा वंश तसा पेरता येत नाही. चराऊ रानं आक्रसली, ट्रॅक्टर आले, गवळाऊची संख्या घटत गेली. गोरसपाकाच्या नावातला 'पाक' कुठलाही कारखाना करू शकेल. 'गोरस' मात्र गोठ्यातूनच यावा लागतो. पुडा घेताना गिऱ्हाइकानं तूप कोणत्या गाईचं, एवढं विचारलं, तरी जमनालालजींचं काम थोडं पुढे सरकेल.