आधी अर्थ तपास

जुन्या पिकअपचा मालक येतो तेव्हा निदान त्याने घरूनच करून आणलेलं असतं: बॅटरी गेली. नवी बॅटरी घातली की चार दिवस गाडी नीट चालते आणि पुन्हा सकाळी सेल्फ घेईनासा होतो. मी कराडच्या कोल्हापूर नाक्याजवळच्या गॅरेजात हे काम शिकलो. आमचे मिस्त्री अशा वेळी बॅटरीकडे बघायचेही नाहीत. बॅटरीची जी पट्टी चासीला बसवलेली असते, म्हणजे अर्थ, तिचा बोल्ट ते आधी खोलायला लावायचे. पट्टीखाली कुणीतरी वरूनच मारलेला रंग, गंज आणि वाळलेला चिखल निघायचा. कानशीने पत्रा पांढरा करायचा, पट्टी घट्ट आवळायची, वर व्हॅसलीन लावायचं. दहातल्या बऱ्याच गाड्या तेवढ्यावरच उठायच्या. “आधी अर्थ तपास,” हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि सातारा-सांगली पट्ट्यातल्या आमच्या धंद्याची सगळी रीत त्यात आली.

ही रीत आमच्याकडे आली ती दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमधून. विलीजची ती जीप 6 व्होल्टची. सातारा हा फौजींचा जिल्हा, अपशिंग्यासारख्या गावात घरटी माणूस सैन्यात. फौजेत गाडी चालवलेली, दुरुस्त केलेली माणसं परत आली आणि त्यांच्या मागोमाग लष्कराने लिलावात काढलेल्या जीपही आल्या. 1945 साली स्थापन झालेल्या महिंद्रांच्या कंपनीने 1947 पासून मुंबईत जीप जोडायला घेतल्या, तेव्हा त्या दुरुस्त करणारे हात गावोगाव आधीच तयार होते. आमचे मिस्त्री काम शिकले ते अशाच एका निवृत्त फौजीकडून. फौजेची शिस्त त्या कामात उतरली होती. बॅटरीपासून निघायचं आणि एकेक जोड तपासत दिव्यापर्यंत जायचं. मधला एकही टप्पा गाळायचा नाही, आणि मालक घाई करतो म्हणून अंदाजाने सामान बदलायचं नाही.

6 व्होल्टच्या गाडीने ही शिस्त सक्तीची केली, असं माझं मत आहे. हिशेब करून बघा. 36 वॅटचा दिवा 12 व्होल्टवर 3 अँपिअर घेतो, 6 व्होल्टवर 6. वाटेत गंजलेल्या जोडाने नुसता दशांश ओहम अडथळा केला, तर 12 व्होल्टच्या गाडीत 0.3 व्होल्ट म्हणजे अडीच टक्के गळती होते. तोच जोड 6 व्होल्टच्या गाडीत 0.6 व्होल्ट खातो, म्हणजे दहा टक्के. आणि व्होल्टेज दहा टक्के उतरलं की दिव्याचा उजेड जवळपास तीस टक्के उतरतो. पाटाला जागोजागी पाझर असले की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, मग विहिरीला कितीही पाणी असो. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे असं सांगितलं की लगेच पटतं आणि तो नवी बॅटरी मागायचं थांबतो.

कोयनेचं पोफळीचं वीजघर 1962 साली सुरू झालं. तरी माझ्या आजोळी, पाटणच्या वरच्या अंगाला, विजेचा पहिला दिवा आम्ही पोरांनी पाहिला तो जीपचाच. पुढे खांबावरची वीज आली, घरांतलं वायरिंग करणारी आयटीआयची मुलं आली. पण गाडीचा वायरमन निराळाच राहिला. घरात परतीची वायर असते. गाडीत सगळी चासी, सगळा पत्रा हीच परतीची वाट. घरातलं काम करणाऱ्या चांगल्या चांगल्या माणसांना ही गोष्ट पचायला वेळ लागायचा. दिव्यापर्यंत वीज आली आहे, बल्ब चांगला आहे, तरी दिवा लागत नाही, कारण त्याची कडी मडगार्डच्या गंजक्या पत्र्यावर बसलेली असते.

त्यात आमचा मुलूखही तऱ्हेवाईक. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माणला 500च्या आसपास. पाटण, जावळीकडची गाडी आली की जोड हिरवे पडलेले, डिलकोच्या (डिस्ट्रिब्युटरच्या) झाकणात ओल, मागच्या दिव्यात पाणी. म्हसवड, आटपाडीकडची आली की डायनामोत धूळ आणि झिजलेले कार्बन. मिस्त्री गाडीचा नंबर बघायचे नाहीत, चाकाच्या वरच्या कडेला हात फिरवून माती बघायचे आणि कुठून सुरुवात करायची ते ठरवायचे. हे कुठल्या पुस्तकात मिळणार?

डायनामोबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ते ज्ञान आता झपाट्याने चाललं आहे. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोला इंजिनाचा वेग लागतो. गाडी उभी राहून धीम्या गतीत चालू असली की तो बॅटरीला काहीच देत नाही. अशा वेळी बॅटरीची वीज उलटी डायनामोत शिरू नये म्हणून कटआऊट असतो, म्हणजे चुंबकाने उघडणारे-मिटणारे पॉइंट. खंबाटकीचा घाट चढताना खालच्या गिअरमध्ये चार्जिंग झकास व्हायचं. पण रात्री जकात नाक्याच्या रांगेत हेडलाईट लावून गाडी घरघरत उभी राहिली की बॅटरी उतरलीच. हा दोष गाडीचा नव्हे, आणि हे ड्रायव्हरला समजावून सांगणं हेसुद्धा वायरमनचंच काम होतं.

डायनामो खोलून परत बसवला की त्याच्या फील्डला बॅटरीची वायर क्षणभर टेकवावी लागते. लोखंडात उरलेलं चुंबकत्व योग्य दिशेला आलं नाही तर चार्जिंग उलटं होतं आणि कटआऊटचे पॉइंट चिकटून जळतात. कार्बनची लांबी, स्प्रिंगचा ताण, कम्युटेटरच्या खाचांत साठलेली पूड, पॉइंटमधलं अंतर, सगळं हाताने आणि डोळ्याने. चार्जिंगचा लाल दिवा इंजिनाचा वेग वाढवूनही विझत नसेल तर कुठे बघायचं, आणि चावी फिरवून तो लागतच नसेल तर कुठे, हे दोन अगदी वेगळे रस्ते आहेत. त्या एका दिव्याने डायनामोची निम्मी हकिकत कळते.

1969 साली बजाज टेम्पोची मॅटॅडोर आली आणि आमच्या भागाचं वाहतुकीचं चित्र पालटलं. तासगावची द्राक्षं, सांगलीची हळद, दूध, भाजीपाला; उघड्या हौद्याची मॅटॅडोर सगळं न्यायची. डिझेलच्या गाड्या वाढल्या तसे कॉईल, कंडेन्सर, डिलको मागे पडले आणि हिवाळ्यातल्या पहाटेची तक्रार बदलली: हीटर प्लग. जुन्या हीटर प्लगांची एक जात माळेसारखी एकापुढे एक जोडलेली असे. एक तुटला की चारही गार. अशा माळेत बिघाड शोधायला टेस्ट लॅम्प आणि थोडी अक्कल पुरते: एकेका प्लगच्या पुढे लॅम्प लावत जायचं, उजेड जिथे थांबतो त्याच्या अलीकडचा प्लग मेलेला.

वायरच्या रंगांनीही या काळात पुष्कळ घात केला. ब्रिटिश लुकासच्या पद्धतीत तपकिरी वायर थेट बॅटरीची आणि काळी अर्थची. जर्मन पद्धतीत तपकिरी म्हणजेच अर्थ. दोन्ही वळणांच्या गाड्या एकाच गॅरेजात उभ्या, शिवाय मधे कुणी हाताला लागेल त्या रंगाची वायर जोडून गेलेला. म्हणून रंगावर विश्वास ठेवायचा नाही, टेस्ट लॅम्प लावून खात्री करायची. तो लॅम्प म्हणजे जुना होल्डर, पार्किंगचा बल्ब, दोन वायरी आणि एक चिमटा. मल्टिमीटर मी नंतर घेतला आणि तो उत्तम आहे, पण एक धागा धरून उरलेली तुटकी वायर मीटरवर पुरे 12 व्होल्ट दाखवते. लॅम्प तिथे मिणमिणतो आणि खरं सांगतो.

पुढे वडापच्या, म्हणजे सीट भरून प्रवासी नेणाऱ्या, जीपा आल्या. टेप, चार स्पीकर, संगीत वाजवणारा हॉर्न, पुढे पिवळे दिवे. सगळं एकाच स्विचवर, आणि फ्यूज उडायला लागला की त्याजागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. त्या चांदीने हार्नेस जळून गाड्या राख झालेल्या मी पाहिल्या आहेत. याच सुमारास डायनामोच्या जागी अल्टरनेटर सगळीकडे झाला. चालू इंजिनात बॅटरीची क्लिप काढून चार्जिंग बघायची जुनी सवय डायनामोच्या काळात खपून गेली होती. अल्टरनेटरचे डायोड तिने क्षणात उडतात. कितीतरी हुशार हात त्या बदलाला कंटाळून धंदा सोडून गेले.

आता सातारा-सांगलीत तरुण मुलं आजोबांची मॅटॅडोर, जुनी जीप पिकअप हौसेने उभी करतात. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण त्यांतले बरेच जण पहिल्याच दिवशी जुना हार्नेस कापून टाकतात आणि डायनामो भंगारात घालतात. त्यांना माझी विनंती आहे: कापू नका. वायर वाळून तडकली असेल तर बदला, पण जुन्या मार्गाने, जुन्या लांबीची, तेवढ्याच जाडीची. हेडलाईटला रिले जोडा म्हणजे स्विचवरचा भार जाईल. इंजिन, चासी आणि बॉडी यांना एकमेकांशी बांधणाऱ्या पट्ट्या नव्या घाला. मग एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंट्यावर, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरायचं. अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला तर बिघाड त्या दोन टोकांच्या मधे आहे, आणि नवी बॅटरी घ्यायला दुकानात जायची गरज नाही.