तुटलेला धागा, ओढलेली दोरी

चालू यंत्रमागाशेजारी दोघांना बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. त्या खडखडाटात कामगाराची नजर मात्र कापडावरून हलत नाही. उभा धागा तुटलेला वेळेत दिसला नाही, तर धोटा आपला फिरतच राहतो आणि हातभर कापडात दोष पडतो. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून त्या गावाला हे दुखणं ठाऊक आहे. कारखान्यात रोज थोडी थोडी सुधारणा करत राहायची, याला आज सगळे ‘कायझेन’ म्हणतात. त्याचा माग काढत गेलं की आपण एका मागापाशीच पोचतो.

साकिची टोयोडा हा जपानमधल्या एका सुताराचा मुलगा, जन्म १८६७ चा. घरी आई हातमागावर विणायची आणि तिचे कष्ट तो बघत होता. आधी त्यानं लाकडी हातमाग सुधारला. १८९६ साली त्यानं यंत्रमाग तयार केला, त्यात आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबण्याची सोय होती. पुढं १९२४ च्या ‘जी’ मागात उभ्या धाग्यांचीही व्यवस्था झाली. प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक पातळ पट्टी लोंबते. धागा ताणलेला असेपर्यंत ती वर राहते, तुटला की खाली पडते आणि माग बंद होतो. मग मागाची राखण करायला माणूस उभा ठेवावा लागत नाही. एकजण तीस-तीस माग बघू शकतो. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला.

ताइची ओनो १९३२ साली याच घराण्याच्या कापड गिरणीत लागले आणि १९४३ मध्ये त्यांच्याच मोटारींच्या कारखान्यात, म्हणजे टोयोटात गेले. मागाचा धडा त्यांनी बरोबर नेला. पण मोटारीच्या जुळणीत तुटणारा धागा नसतो. चूक माणसालाच दिसते, म्हणून थांबवण्याचा अधिकारही माणसालाच द्यावा लागला. कामगारांच्या डोक्यावरून एक दोरी गेली. ती ओढली की सूर वाजतो, फलकावर त्या जागेचा दिवा लागतो आणि गटप्रमुख धावत येतो. ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही, तर अख्खी लाइन उभी राहते. त्या फलकाचं नाव ‘आंदोन’, म्हणजे जुना कागदी कंदील.

लाइन थांबली की खरं काम सुरू होतं. ओनोंनी दिलेलं उदाहरण मला फार आवडतं. मशिन बंद पडलं. का? जादा भारानं फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला तेल पुरेना. तेल का पुरेना? पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. दांडा का झिजला? तोंडाशी गाळणी नव्हती, धातूचा कीस आत जात होता. फ्यूज बदलून मोकळं होता आलं असतं. बसवायला हवी होती ती एक गाळणी. छोटी सुधारणा म्हणतात ती ही.

या प्रवाहाला आणखी ओढे मिळाले. युद्धकाळात अमेरिकेनं काढलेलं कामगार-प्रशिक्षण जपानमध्ये पोचलं, १९५० मध्ये गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांची व्याख्यानं झाली आणि १९५१ मध्ये टोयोटानं कामगारांकडून सूचना मागवायची पद्धत सुरू केली. १९८६ साली मासाकी इमाई यांच्या पुस्तकानं ‘कायझेन’ हा शब्द जगभर नेला. आपल्याकडच्या शॉपफ्लोअरवरही तो फलकांवर रंगवला गेला.

फलक लागला, पण दोरी आली का? मी भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस होतो. ड्रिलिंगचं फिक्श्चर सैल झाल्याचं एका जुन्या ऑपरेटरच्या लक्षात आलं, त्यानं मशिन बंद केलं. सुपरवायझरनं सगळ्यांदेखत त्याला झापलं, प्रॉडक्शन कोण भरून देणार म्हणून. दुसऱ्या दिवशी फिक्श्चर तेवढंच सैल होतं आणि मशिन चालू होतं. भिंतीवर सूचनापेटी होती. त्या माणसानं तिच्यात काय म्हणून चिठ्ठी टाकावी?

माणसं बदलावी लागतात, असं मला कुणी सांगितलं की मी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची आठवण देतो. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना १९८२ मध्ये बंद झाला, कामगारांचं नाव फार खराब होतं. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा उघडला आणि बहुतेक तेच कामगार परत घेतले गेले. यावेळी डोक्यावर दोरी होती आणि ती ओढली म्हणून कुणी ओरडत नव्हतं. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा वाखाणला जाऊ लागला.

नागोयात टोयोडांच्या जुन्या गिरणीच्या जागी आता संग्रहालय आहे. तिथं ‘जी’ माग चालवून दाखवतात. दाखवणारा हातानं एक धागा तोडतो, पट्टी पडते, आणि तेवढा खडखडाट थांबतो.